हात पुढे केल्यावर दिसणारी गाठ

४ फेब्रुवारी
ठराव : मार्चमध्ये बिश्केकला सर्जनांची परिषद आहे, तिथे यंदा मी दुर्मिळ केस मांडणार म्हणजे मांडणार. एकतीस वर्षं या तालुक्याच्या हॉस्पिटलात हर्निया आणि अपेंडिक्स कापले. गेल्या वर्षी नाझिरा बोलली. माझ्या हाताखालची डॉक्टर, कालची पोर! मी टाळ्या वाजवल्या.
विषय ठरला. इलॅस्टोफायब्रोमा. खांद्याच्या फऱ्याखाली होणारी साधी गाठ, कॅन्सर नव्हे. हात खाली असला की लपते, पुढे केला की वर येते. पन्नाशीनंतर होते, बायकांना जास्त, हातांनी जड काम करणाऱ्यांना. पुष्कळदा दोन्ही बाजूंना. हे तोंडपाठ केलं. आता असा पेशंट शोधायचा.
बायकोची, सायराकुलची, पाठ पुन्हा दुखतेय. लोकरीचे नमदे कमी लाट म्हटलं. मुलीच्या लग्नाचा गालिचा कोण करणार, म्हणाली. मेंढीच्या शेपटीची चरबी कोमट करून लावायला सांगितली.

९ फेब्रुवारी
येईल त्याची पाठ तपासतोय. आतापर्यंत त्रेचाळीस. नाझिरा म्हणाली, सर, पायाला प्लास्टर घालायला आलेल्या माणसाला पालथं कशाला झोपवलं? तिला संशोधन म्हणजे काय ते कळत नाही.

१५ फेब्रुवारी
सापडली! इसाकुन मेंढपाळ, वय छप्पन्न, उजव्या फऱ्यापाशी गाठ. बाई नाही, पण चालेल.
नाझिरा म्हणते, सर, ही मऊ आहे आणि हात खाली असतानाही दिसते, साधी चरबीची गाठ असणार, नारीन शहरात पाठवून स्कॅन करून घेऊ. म्हटलं, माझी बोटं हाच स्कॅन.

२० फेब्रुवारी
ऑपरेशन. बारा मिनिटं. आतून पिवळाधम्मक चरबीचा गोळा निघाला. दिसायला चरबी, पण दिसण्यावर जाऊ नये. लॅबला पाठवलं. इसाकुन खूश. मेंढीची मांडी पाठवली.

२६ फेब्रुवारी
लॅब म्हणते चरबी. या लॅबला काही कळत नाही. मी अजिबात नाराज नाही. जेवलो नाही, पण ते भूक नव्हती म्हणून.

२८ फेब्रुवारी
सायराकुलच्या हातून किटली पडली. उजवा हात वर जात नाही म्हणते. पुढे केला की आत काहीतरी कट्कन सरकतं.
तपासलं. लोकरी जाकिटावरून, हात बाजूला सरळ ठेवायला लावून. काही नाही. जाकीट काढायला सांगितलं असतं, पण खोलीत आई बसलेली. सासूला पाठ दाखवायची नाही, ही आमच्या घरची रीत. चौतीस वर्षं सायराकुल त्या खोलीतून उलट्या पावलांनीच बाहेर जाते. अशी सून पंचक्रोशीत नाही.
निदान : नसा.
आई म्हणाली, सुनेला चहा ओतता येईना आणि हा म्हणे डॉक्टर! आईचं वय अठ्ठ्याऐंशी. लक्ष देत नाही.

८ मार्च
महिला दिन. सायराकुलला ट्यूलिप दिले. डाव्या हातानं घेतले. मग हळूच विचारलं, माझ्या आईला गाठ होती, त्यातच गेली, मला तसलं काही नाही ना? मला भीती वाटते हो.
म्हटलं, घरात सर्जन असताना भीती कसली? परिषद होऊ दे, मग नीट बघतो. शांत झाली. निदान गप्प तरी झाली.

११ मार्च
उद्या बिश्केक. इसाकुनची चरबीच मांडतोय. शीर्षक जोरदार आहे : फसव्या गाठीची कहाणी. सायराकुलनं डाव्या हातानं इस्त्री केली, कॉलर चुरगळलेलीच. तसं सांगितलं.

१३ मार्च, बिश्केक
सात मिनिटं बोललो. एकच प्रश्न आला : जेवण कुठल्या मजल्यावर आहे?

१५ मार्च
घरी आलो तर आई एकटीच चहा पीत बसलेली. म्हणाली, सून दवाखान्यात आहे. तुझ्याच. काखेत कळसा नि गावाला वळसा, जा आता.
पळत गेलो. या वयात पळू नये.
वॉर्डात सायराकुल, पाठीला पट्टी, बाजूला नळी. परवा नाझिरानं ऑपरेशन केलं. बरणीत गाठ, आठ सेंटिमीटर, करडी, रबरासारखी चिवट, मधून चरबीच्या रेघा. नाझिरा म्हणाली, सर, मला इलॅस्टोफायब्रोमा वाटतोय. नऊ तारखेला त्या आल्या. कपडे काढायला लावले, स्वतःलाच मिठी मारा म्हटलं, अर्ध्या मिनिटात गाठ वर आली. स्कॅनही करून आणला. डावीकडे पण आहे, लहान.
मला का कळवलं नाही? खाली बघून म्हणाली, पेशंटनं सांगू नका म्हणून सांगितलं होतं.
लॅबचा रिपोर्ट यायचाय.

१७ मार्च
ही गाठ कॅन्सरची नसते. मला तोंडपाठ आहे. पण इलॅस्टोफायब्रोमाच असेल तर. नसली तर?
लॅबला तीनदा फोन केला. मन लावून काम करणारी माणसं आहेत, उत्तम लॅब आहे. सायराकुल विचारते, खरं सांगा. मी खरं सांगतो. अजून मलाही माहीत नाही.

१९ मार्च
रिपोर्ट आला. इलॅस्टोफायब्रोमा. साधी गाठ. जिन्यात बसून रडलो. नर्सनं पाहिलं. पाहू दे.
नाझिरा ही केस पुढच्या वर्षी मांडणार. परवानगी मागत होती. पेशंटची मागितली, माझी नाही.

२२ मार्च
सायराकुल घरी. पट्टी बदलायची होती. नाझिराला बोलावू या, म्हणाली. मी करतो म्हटलं. ती आईकडे बघून अडखळली. आई काठी टेकत उठली, आता मी पाठ फिरवते, म्हणाली आणि बाहेर गेली.
ही पाठ मी दिवसाउजेडी कधी पाहिलीच नव्हती. टाके सरळ आहेत. माझ्यापेक्षा सरळ. तिनं हात पुढे केले, तशी डावीकडची गाठ वर आली. त्यावर हात ठेवला. ही मी काढतो म्हणणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, ही नाझिराच काढणार आहे.
कधीपासून दुखतंय, विचारलं. उजवीकडे सहा वर्षं, डावीकडे दोन.
सांगायचं नाही का?
सांगत होते, म्हणाली.
मागची पानं चाळली. सांगत होती. माझ्याच अक्षरात आहे.