पंख्याखालची जागा

ता. ४

चि. बारकीस आशीर्वाद.

मालकांच्या नव्या कारखान्यात सुपरवायझर झालीस, तेव्हापासून ताईला दोन ओळी लिहायला सवड नाही. मी बावीस वर्षं शिलाई मारतेय, तू सहाच. तरी पंख्याखालची माझी जागा आधी भांडून घेतलीस, मग खुर्चीही तुलाच. मी आपली खिडकीशी उन्हात.

काल मिस्त्रीनं पंख्याखालचं तुझं जुनं टेबल दुरुस्तीला उलटं केलं. खाली आगपेटीएवढं काळं यंत्र चिकटवलेलं. म्हणाला, इथलं बोलणं मालकांच्या खोलीत ऐकू जातं. जेवायला सगळ्या तिथंच बसतात. कॉलर शिवणारी आपली कॉलरवाली सुट्टीवरून कुरकुरली आणि आठवड्यात कामावरून गेली, ती अशी. आता बायका माझ्याकडे बघून कुजबुजतात. ही एवढी तोंडाळ, हिला कसं काढलं नाही? तुला काही ठाऊक होतं का, सरळ लिही.

ताई

ता. ९

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी बॉबिन घरंगळली, ती शोधताना मला यंत्र दिसलं. तुला सांगितलं असतं तर तू टेबलच मालकांच्या दारात नेऊन आपटलं असतंस. म्हणून भांडून तुला तिथून उठवलं. तुझा विषय निघाला की मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, ताई तोंडाची तिखट, पण हाताला तिच्या तोड नाही. मालकांचंही कौतुक केलं, खोटं कशाला बोलू. कॉलरवाली बोलत होती तेव्हा मात्र गप्प बसले. ते खुपतं. पण बायकांना सांगू नकोस, माझी खुर्ची जाईल. रागाव, पण तोडू नकोस.

तुझी बारकी

ता. १३

चि. बारकीस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा डोकं फिरलं. वाचवायचंच होतं तर कानात सांगायचंस. गोड बोलायला मला येत नाही का? आज त्या खुर्चीत मी असते. आणि इतक्या वर्षांत माझ्याबद्दल बरा शब्द बोललीस, तो यंत्राला. माझ्या तोंडावर एकदा बोलली असतीस तर काय जीभ झडली असती?

कॉलरवाली दोन पोरं घेऊन घरी बसलीय. सोमवारी सगळ्या तिच्यासाठी मालकांकडे जाणार आहेत. मी गप्प राहिले तर चुगलखोर मी, बोलले तर तू. तूच ये आणि बायकांना तुझ्या तोंडानं सांग. मी शेजारी उभी राहीन. आपलं भांडण घरचं आहे, ते नंतर निवांत करू.

माया आहे तिथंच आहे. येतेस की नाही, ते शनिवारच्या आत कळव.

ताई