सागाखालच्या वळणावरची हाक

२४ फेब्रुवारी

पोचले! नुआनताईच्या लाकडी घराच्या ओसरीत पाय पसरून बसले आहे. समोर तळं, पलीकडे देवळाचे कळस, आणि आत ताई माझ्यासाठी टोमॅटोची चटणी कुटते आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इतकं प्रसन्न वाटलं नव्हतं.

ताईच्या गावाला, मे होंग सोनला, जायचं कसं, यावर चियांग माईत मला सल्ला न देणारा माणूस उरला नव्हता. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, विमान घ्या, डोळा लागायच्या आत पोचाल. ते विमान म्हणजे पंखे लावलेली शिलाई मशीनची पेटी. त्याला ढग सोसत नाही, डोंगर पेटले की धूर सोसत नाही. इतक्या नाजूक प्रकृतीच्या वाहनावर माझा विश्वास नाही. दक्षिणेकडून मे सारियांगवरून बस जाते. तिच्यात दिवसभर लसणाच्या गोण्यांवर पाय ठेवून बसायचं, आणि प्रत्येक खेड्यात कुणाची तरी आत्या केस विंचरून येईपर्यंत थांबायचं. राहिली उत्तरेकडून पाइवरून येणारी व्हॅन. शेजारीण म्हणाली, अहो, त्या वळणांत पोटातलं ओठांत येतं, तुमच्या वयाला नाही झेपायचं. झालं. मी व्हॅनच घेतली.

बरोबर ढोपरांना पट्ट्या बांधलेली परदेशी मुलं होती. पाइला मोटारसायकलवरून पडणं हा त्यांचा नवसच असावा. त्यांच्या हातात ओकारीच्या पिशव्या, आमच्या बायकांच्या नाकात पुदिन्याच्या नळ्या. मी मात्र ताठ. चालक इन्ता म्हणून, ताईचाच शेजारी. दर वळणावरच्या, जागेच्या देवाच्या घुमटीपुढे हा गृहस्थ हॉर्न वाजवायचा आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून नमस्कार करायचा! मी त्याला सुनावलं, की हॉर्न म्हशींसाठी असतो. तो हसून म्हणाला, "मावशी, घरात शिरताना आपण हाक मारतो ना, तसंच हे."

शेवटच्या मोठ्या चढणीवर एक जुना साग आहे. त्याखाली लहानशी घुमटी, पुढे लाल सरबताच्या बाटल्या, नळ्या खुपसून ठेवलेल्या. भुतांनाही साखर लागते. तिथे इन्ता आधीपासूनच हळू झाला, त्याचा चेहरा मऊ झाला आणि हात हॉर्नकडे गेला. मला संताप आला. वर्गात मुलींच्या मारायचे तशी मी त्याच्या मनगटावर चापटी मारली. त्यानं हॉर्न वाजवला नाही. आणि वळताना वाळक्या पानांवरून मागची चाकं घसरली. दरीकडे. दगड खाली गडगडत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माझ्या छातीतून मात्र काहीतरी सुटल्यासारखं झालं, हातातून पर्स निसटावी तसं. एवढंच. इन्ता उतरून घुमटीपुढे उकिडवा बसला आणि काहीतरी पुटपुटत राहिला. शेवटी मीच ओरडले, की आज पोचवणार आहेस की नाही.

ताईनं दारातच मिठी मारली. "नोई, किती वाळलीस गं." नोई! धाकटी. या उत्तरेत दर दुसऱ्या घरात एक नोई असते. आमच्या कॉन्व्हेंटच्या वर्गातच चार होत्या. सिस्टर आंझेल म्हणायच्या, टोपणनाव मांजरीला शोभतं, बाईमाणसाला पूर्ण नाव हवं. हजेरीत त्या 'अम्फाई' असं म्हणत, तेव्हा मला पाठीला कणा असल्यासारखं वाटे. आता त्या नाहीत, माझे यजमान नाहीत. मला अम्फाई म्हणणारं कुणीच उरलं नाही.

२७ फेब्रुवारी

हे गाव म्हणजे डुलकी घेण्यासाठी डोंगरात खणलेला खड्डा. बाजारात पर्यटकांना सगळी वळणं पार केल्याचं प्रमाणपत्र विकतात. ओकारी येऊ न देता बसून राहण्याचं प्रमाणपत्र! आमच्या शाळेत ते सहा वर्षांच्या मुलींनाही मिळालं नसतं.

इथल्या तायाय लोकांचा जीव आंबवलेल्या सोयाबीनच्या चकत्यांवर. ताई चुलीवर भाजते तेव्हा ओल्या मोज्यांचा वास सुटतो. तसा वास येतो म्हणजे नाक शाबूत आहे म्हणायचं, कारण जिभेला काहीच कळत नाही. चहा गरम लागतो, चहासारखा लागत नाही. झोप लागते, पण स्वप्न पडत नाही. ताईचा कुत्रा माझ्याकडे बघतच नाही. भुंकतही नाही. रिकाम्या खुर्चीशेजारून जावं तसा जातो.

ताई जेवताना माझ्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "तू पुरती आलीच नाहीस, नोई. तुझा ख्वान वळणावर राहिला." आपली जुनी समजूत. माणूस दचकला की त्याचा ख्वान, म्हणजे अंगातला जीव, निसटतो, दचकला तिथेच बसून राहतो आणि कुणी बोलवायला येईल म्हणून वाट बघतो. तो आणायला मासे उपसायची बांबूची जाळी घेऊन जायचं. मी म्हणाले, ताई, माझा ख्वान कॉन्व्हेंटमध्ये शिकलाय, तो चिखलातल्या बेडकासारखा जाळीत शिरणार नाही. तिला हसू आलं नाही. लहानपणी मला ताप आला की ही माझ्या पायांशी बसून रडायची. तशीच दिसली.

३ मार्च

माझं निळं पोलकं सापडेना म्हणून सगळं कपाट उपसलं. दुपारी ताई इन्ताच्या व्हॅनमधून उतरली. खांद्यावर जाळी, जाळीत उकडलेलं अंडं, भाताचा मुटका, केळं आणि माझं निळं पोलकं! मला न विचारता सागाखालच्या वळणावर जाऊन आली. जाळी हवेत फिरवायची, पानांतून ओढायची, नाव घेऊन हाका मारायच्या. "नोई, ये गं, घरी चल. इथे थंडी आहे. भात शिजलाय." आपली सख्खी बहीण हमरस्त्यावर हवा उपसते आहे आणि ट्रकवाले बघताहेत, या कल्पनेनंच मी लाजून मेले.

ख्वान पुन्हा निसटू नये म्हणून तिनं माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. सांगत होती, जाळी एकदम जड झाली, पाण्यातून ओढावी तशी. इन्ता बिचारा तोंड फिरवून रडत होता. मी म्हटलं, एवढं नाटक केलंस तर हाक तरी पूर्ण नावानं मारायचीस, सरकारी काम सरकारी पद्धतीनं. तर म्हणते, "घरच्या माणसाला कुणी हजेरी घेतल्यासारखं बोलावतं का?"

पोलकं धुवायला टाकलं. त्याला पाचोळ्याचा आणि डिझेलचा वास येतो.

६ मार्च

चहा पुन्हा चहासारखा लागतो. मान्य करायला जिवावर येतं, पण लागतो. स्वप्नही पडलं, एका धुकट खेड्याचं, जिथे मी कधी गेले नाही.

सकाळी ताईनं सोयाबीनच्या चकत्या भाजल्या आणि मी मागून घेतल्या. तीनदा. दुपारी लसूण आणायला निघाले तर पाय इन्ताच्या अंगणात. झाडू जिन्यामागे टांगलेला असतो हे मला कसं कळलं? त्याचं अंगण झाडून झाल्यावर भान आलं. त्याचा म्हातारा कुत्रा माझ्या पायांवर लोळत होता. इन्ता जिन्यावर उभा होता. भांडंभर पाणी आणून दिलं आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहिला.

मी त्याला मूर्ख म्हणणार होते. शब्द सापडला नाही.

९ मार्च

ताईला खोदून विचारलं. इन्ताच्या बायकोची गाडी सागाखालच्या वळणावरून दरीत गेली. सीमेपलीकडच्या खेड्यातली होती, शाळेचं तोंड न पाहिलेली. दुकानांच्या पाट्यासुद्धा इन्ता तिला वाचून दाखवायचा. गोड बाई, कुणाला उलटून बोलली नाही. तेव्हापासून तो तिथे हॉर्न वाजवतो. देवासाठी नाही. तिला कळावं म्हणून, की मी चाललोय, संध्याकाळी परत येतोय.

तिचं नाव विचारलं. ताईच्या हातातली वाटी पडली. इतके दिवस तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

नोई.

१० मार्च

मनगटाचा दोरा कात्रीनं कापला. काही फरक नाही.

मुद्दाम एकेकाची आठवण काढून पाहिली. दंतवैद्य. शेजारीण. पट्टीवाली परदेशी मुलं. प्रमाणपत्रं विकणारी बाई. कुणाचाही राग येत नाही. सगळे बिचारे वाटतात. साठ वर्षं मी जगाला नाक मुरडत आले, ते नाक माझं होतं. आता ते त्या वळणावर, घुमटीशेजारी, लाल बाटल्यांकडे तुच्छतेनं बघत बसलं असेल. एकटीच.

मी तिथे आहे. मग इथे लिहितंय कोण?

१२ मार्च

विमान! तेच बरं. वळणावरून जायलाच नको, थेट चियांग माई, आपलं घर, आपला डॉक्टर. विमानतळावर गेले. डोंगर पेटलेत, धावपट्टीचं दुसरं टोक दिसत नाही. रद्द. उद्याही रद्द, असं खिडकीतली मुलगी म्हणाली. मी तिला छान हसून दाखवलं. मी!

मग बस. दक्षिणेकडची, लसणाची. तिकीट मागायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती बस सागाखालून जात नाही. विमानही नाही. मला घरी पोचवतील, पण कुणाला? ही दुसरी नोई माझ्या घरात माझ्या पलंगावर झोपेल, आणि मी तिकडे सागाखाली, कुणी बोलवायला येईल म्हणून —

व्हॅनच. दुसरा रस्ता नाही. तिथे उतरायचं आणि पूर्ण नावानं हाक मारायची.

१३ मार्च

ताईच्या पाया पडले. चल म्हटलं, पुन्हा जाळी घे, या वेळी नीट हाक मार. ताई चटणी कुटत राहिली. मग मान खाली घालूनच बोलली. आणलंय ते आणलंय. परत सोडायला गेलो तर त्या बिचारीनं जायचं कुठे? शिवाय, "राग नको मानूस, पण तू हल्ली किती गोड झालीस. काल माझे पाय चेपलेस. पहिल्यांदा. जन्मात पहिल्यांदा, नोई."

मी म्हणाले, ती मी नव्हते.

ताई म्हणाली, ठाऊक आहे.

१४ मार्च

एकेक अक्षर काढावं लागतं. चित्र काढावं तसं. छापलेलं तर मुंग्या. ओळखपत्र पाहिलं. फोटो माझा. खाली मुंग्यांची रांग.

ते नाव. सिस्टर घेत ते. कण्यासारखं. ओठांवर आहे.

ताईला विचारलं. ताई म्हणाली, आठवत नाही गं.

खोटं.

१५ मार्च

व्हॅनमध्ये. स्टँडवर तीन व्हॅन होत्या. पाय इन्ताच्याच व्हॅनकडे गेले. पुढची जागा. तो म्हणाला, ये. या वेळी 'मावशी' म्हणाला नाही.

मी सांगितलं. सागाखाली थांबव. तो हो म्हणाला. हसला. तो हसला की मला बरं वाटतं. नाही. तिला.

धूर. वही मांडीवर.

घुमट्या येतात. तो हॉर्न वाजवत नाही. कुठेच नाही. विचारलं का. म्हणाला, आता कुणासाठी —

साग दिसतो. घुमटी. कुणीतरी उभं आहे. निळं पोलकं. ताठ. माझी पर्स धरायची पद्धत. नाक वर. किती रागावली आहे. किती माझी आहे.

वेग कमी होत नाही. थांबव म्हणायचं आहे. तोंडातून येतं, घरी चल.

तिनं हात वर केला. हाक मारली तर येईल. नाव हवं. पूर्ण. लिहिलं की आठवेल.

नोई. नाही ते नाही.

माझं नाव अ —