पिशवीला लावलेला पट्टा

मालेगाव (मेहकरजवळचं), रविवार संध्याकाळ

शेवटी एकटीच जाऊन आले. जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यानं मेहकरपर्यंत गाडी चालवायची, हे लेकीचं अन् माझं ठरलं होतं. काल सकाळी पुण्याहून तिचा फोन: "आई, मले जमत नाही. अन् तू समृद्धीनं जाय, त्या जुन्या रस्त्यानं कायले?"

कायले म्हणजे? लहानपणी याच रस्त्यावर एसटीत माझ्या मांडीवर बसून ती प्रत्येक ट्रकला हात दाखवायची. आज ट्रकच नव्हते. सगळे समृद्धीवर गेले.

तिच्यासाठी घेतलेली संत्र्याची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली, तर गाडी टिंग टिंग करायला लागली. गाडीला वाटलं, माणूस बसलाय. डोणगावपर्यंत ऐकून घेतलं, मग वैतागून पिशवीलाच पट्टा लावला.

मेहकरला चहावाल्यानं विचारलं, "एकट्याच आल्या काय?"

"नाही," म्हणाले. काहून खोटं बोलले?

आत्ता घरी आले. पिशवी काढायला पट्टा सोडला अन् तोंडातून निघूनच गेलं, "उतर बाई, आलं घर."