दीक्षानं विचारलेला प्रश्न

सरू,

मी दीक्षासंगं दवाखान्यात चाललोय. काल तुला सगळं सांगायला धीर झाला न्हाय. पाच महिनं दम लागतोय, बरगडीत दुखतंय, तर मी म्हणायचो, वय झालं. नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या पोरीनं विचारलं, "आबा, सिमेंटचं पत्रं किती वर्षं कापलंसा?" म्हटलं, अठ्ठावीस. तशी मला वढतच छातीचा फोटो काढायला नेलं. फुफ्फुसाभोवती पाणी निघालं. आज आतला तुकडा काढून तपासणार हायत. पत्र्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीनं कॅन्सर हुतोय म्हणं.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "पत्र्याचं कुणाच्या ध्यानात आलं?" मी वार्डभर ऐकू जाईल असं म्हटलं, "माझ्या लेकीच्या!"

भाकरी झाकून ठेवलीया, खाऊनच दवाखान्यात ये. शेजारणींनी विचारलं तर आजाराचं मागनं सांग, आधी लेकीचं सांग.

बाळासो