साहेबाची शिट्टी

मंगळवार, मे १९७८

कालच्या आगीत तेंदूपत्त्याचं अर्धं गोदाम वाचलं. त्याची खरी किंमत आमच्या नामदेवच्या भाजलेल्या हातानं दिली. छताची लाकडं करकरलेली मीच ऐकली, म्हणून नव्या साहेबाचा आत घुसायचा हुकूम मोडून बंबावरच्या पोरांना बाहेर ओढलं. मागोमाग छत खाली.

तरी आज परेडीत सगळ्यांसमोर साहेब म्हणतो, "बहिरा आहेस का? हुकूम ऐकू येत नाही?"

मला बहिरा. एके काळी बंबात नुसतं पाणी भरणारा मी, याच कानांवर लीडिंग फायरमन झालो.

मग आता बहिराच होऊन दाखवतो. चहाच्या वेळी पोरांना बजावलं, "त्यानं शिट्टी मारली तरी हालाचं नाही. माह्या शब्दाबिगर या स्टेशनात पान हालत नाही." राहू दे त्याला रिकाम्या बंबाशेजारी एकट्याला उभं.

नामदेव पट्टीचा हात सांभाळत म्हणाला, "दादा, बहिरं आजपासून व्हाचं का पगार झाल्यावर?"

सगळे हसले. मी नाही. बहिरा म्हणतो मला.

संध्याकाळी साकोली रोडवर भाताच्या तणसाचा ढीग पेटल्याची वर्दी आली. साहेबानं शिट्टी मारली. पोरं माझ्याकडे पाहत थांबली होती की नाही, ते मला दिसलं नाही. बंबावर सगळ्यांत आधी मीच चढलो होतो.