तेवीस आरे

अहो,
मी दर्शनाच्या घरी कोलशेतला चाललेय. तुम्ही संग्रहासाठी मागवलेलं सोन्याचं नाणं परत न्यायला कुरियरवाला चारला येईल. मी ते कणकेत दाबून ठसा घेतला आणि टाचणीने एकेक आरा मोजला. तुमचं बरोबर आहे, त्यावरच्या अशोकचक्राला चोवीसच्या जागी तेवीसच आरे आहेत. सगळ्याच नाण्यांचं असं झालंय की फक्त आपल्याच? कंपनीला विचारा ना! नाणं धुऊन डबीत ठेवलंय. मला तर ते ठेवून घ्यावंसं वाटतंय.

सकाळी "एवढं साधं मोजता येत नाही का लोकांना" म्हणून केवढे ओरडलात! नाणं परत देण्याआधी कोपरच्या बुद्धविहारात जा आणि तुम्ही भिंतीवर रंगवलेलं चक्र मोजून या. मी उद्घाटनाच्या दिवशीच मोजलेलं. अकरा वर्षं कुणाला बोलले नाही.
नीला