ओबिओराच्या दुकानातलं पाकीट

प्रिय ओबिओरा,

माझ्या हाताखाली शिकलास. शिकून झाल्यावर आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मीच तुला दुकान थाटून दिलं. आता त्यावर 'मान्यताप्राप्त औषध घाऊक विक्रेता' अशी पाटी आहे आणि माझी गिऱ्हाइकं मला हात हलवून तुझ्याकडे जातात. मीही तशी पाटी मागितली, तर औषध खात्याच्या तपासणीस बाई म्हणाल्या, "साहेब, माल कुणाकडून आला तेच सांगता येत नाही, मग पाटी कशी देऊ?"

बायको हसली. "पोरगा पुढे गेला, तुम्ही बसा तोंड पाडून!"

तुला उघडं पाडायचं म्हणून मेव्हण्याकरवी तुझ्याकडच्या मलेरियाच्या गोळ्या मागवल्या. पाकिटावरची पट्टी खरवडून आतला क्रमांक, औषध खरं की बनावट ते कळवणाऱ्या सरकारी सेवेला मोबाइलवरून पाठवला. उत्तर आलं, औषध अस्सल आहे. आणखी पाकिटं मागवली. तीही अस्सल! इतका जळफळाट आयुष्यात झाला नव्हता.

काल आईला ताप भरला. माझं स्वतःचं गोदाम मलेरियाच्या गोळ्यांनी भरलेलं आहे.

"बाळा, नीट बघून देतोयस ना?" तिनं विचारलं.

"बघूनच देतोय, आई," म्हणालो आणि कपाटातून तुझं पाकीट काढलं.

ताप उतरलाय. हे तुला कळायची काही गरज नाही, म्हणून पत्र माझ्याकडेच ठेवतो.

तुझा एके काळचा मालक,
म्बानेफो
ओनित्शा